एका तवंगाचे चार गुन्हेगार

धाकटी आली तेव्हा तिच्या एका हातात केकचं खोकं होतं आणि दुसऱ्या हातात तपकिरी काचेच्या चार बाटल्या. आत्याला आधी बाटल्याच दिसल्या आणि तिचा चेहरा खुलला.

"चला, या घरात एकीला तरी सुचलं!"

"रिकाम्या आहेत, आत्या," धाकटी म्हणाली. "पाण्याचे नमुने भरायला आणल्यात."

"आज? रविवारी? आईबापाच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी?"

"तेलाला वार कळत नाही."

ती धक्क्यावर उभी होती आणि बाकीची मंडळी समोर टगवर. ही टग म्हणजे कप्तानांची पहिली बोट. मोठमोठ्या जहाजांना ओढून, ढकलून धक्क्याला लावायचं काम तिनं चाळीसहून जास्त वर्षं केलं आणि गेलं वर्षभर आतल्या गोदीत दोरांना बांधून नुसती उभी होती. घरात तिला सगळे 'म्हातारी' म्हणत. कप्तानांनी हट्ट धरला होता, की जेवण होईल तर म्हातारीच्या डेकवर, नाहीतर मी घरी झोपून राहीन. दादाला, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाला, ते अजिबात पसंत नव्हतं. त्याला म्हातारी मोडीत काढायची होती. कप्तानांना तिचं इंजिन दुरुस्त करून तिला पुन्हा कामाला लावायचं होतं. या वादावरून बापलेक आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते आणि मधल्यामध्ये वहिनीचं टपाल खातं झालं होतं.

"बाबांना सांग, खुर्ची सावलीत ठेवलीय," दादा चार हातांवरून म्हणायचा.

"तुझ्या नवऱ्याला सांग, मला ऊन चालतं," कप्तान म्हणायचे.

वहिनी दोघांकडे बघून म्हणायची, "पोचलं."

धाकटीनं केक वहिनीच्या हातात दिला आणि खाली पाण्याकडे बोट दाखवलं. म्हातारीच्या मागच्या अंगाला पाण्यावर जांभळट-हिरवट झाक पसरली होती. ऊन पडलं की ती मोराच्या पिसासारखी दिसे. त्या झाकेला वेढून धाकटीच्या खात्यातली दोन माणसं छोट्या होडीतून नारंगी रंगाची फुगीर नळकांडी पाण्यावर सोडत होती, एकाला एक जोडून, लांबच लांब.

"मला वाटलं सजावट आहे," कप्तान म्हणाले. सकाळपासून त्यांनी तीन लोकांना सांगितलं होतं, की बंदरानं म्हातारीला हार घातलाय.

"बाबा, तो बांध आहे. तेल बाहेर जाऊ नये म्हणून. दीडला ओहोटी लागेल. त्याच्या आत बांधाचं तोंड बंद केलं नाही, तर हे सगळं बाहेरच्या चिखलात जाईल, जिथं पक्षी उतरतात तिथं."

"कुठून आलं?"

बंदराची पर्यावरण अधिकारी म्हणून तिनं पंधरा वर्षं या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात घालवली होती. लोक आधी वाऱ्याकडे बोट दाखवतात, मग शेजारच्या बोटीकडे, मग देवाकडे, हे तिला माहीत होतं. आज मात्र वारा नव्हता आणि शेजारी बोटही नव्हती.

"मला इंजिनखोली बघायची आहे," ती म्हणाली.

*

खाली जायला आणि परत यायला तिला सहा मिनिटं लागली. दादा घड्याळ बघत होता.

दादाला घड्याळ बघायचं कारण होतं. मंगळवारी बंदराची समिती बसणार होती आणि पुढची पाच वर्षं टग चालवायचं काम कोणाला द्यायचं ते ठरणार होतं. त्याच्या दोन नव्या टग होत्या, शांत इंजिनांच्या, कमी धुराच्या. त्यांच्यासाठी त्यानं तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं. अर्जात एक प्रश्न होता : 'गेल्या वर्षभरात आपल्या फर्मच्या कोणत्याही बोटीकडून पाण्यात प्रदूषण झालं आहे का?' तिथं त्यानं ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. आणि म्हातारी फर्मच्याच नावावर होती.

धाकटी वर आली. तिच्या रबरी हातमोज्यात एक तुटलेली पिवळी प्लास्टिकची पट्टी होती.

"सगळ्यांनी जरा बसा," ती म्हणाली.

आत्या आधीच बसली होती. तिनं चाळीस वर्षं बंदराच्या टॉवरमधून रेडिओवर जहाजांना सूचना दिल्या होत्या आणि निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तिचा आवाज दोन मैलांसाठीच लागायचा. "बोल, ऐकतोय," ती म्हणाली.

"बोटीच्या तळाशी, इंजिनाखाली, तेलकट पाणी साचतं. बिल्जचं पाणी. ते समुद्रात सोडायचं नसतं, आमच्या टँकरला बोलवायचं असतं. म्हणून उभ्या असलेल्या प्रत्येक बोटीचा बाहेरचा व्हॉल्व्ह आम्ही सील करतो. हे ते पिवळं सील. कुणीतरी कापलंय. व्हॉल्व्ह उघडून पंप चालवलाय. आज सकाळीच, कारण पाईप अजून ओला आहे."

खालच्या स्वयंपाकखोलीत आई रस्सा गरम करत होती, तिच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"म्हणजे आपणच?" वहिनीनं विचारलं.

"म्हणजे म्हातारीच."

कप्तान उठले. त्यांनी आठवडाभरात पहिल्यांदा मुलाकडे सरळ पाहिलं. "आता कळलं मला! हिला बदनाम करायची, मग भंगारात घालायची. काय डोकं लढवलंस!"

"बाबा!" दादाही आठवडाभरात पहिल्यांदा थेट बोलला. "माझा मंगळवारी निकाल आहे! मी माझ्याच पायावर, माझ्याच फर्मच्या बोटीतून तेल ओतीन?"

"बोलले!" आत्या वहिनीच्या कानात म्हणाली. तिच्या मते कानात. पलीकडच्या धक्क्यावरच्या पहारेकऱ्यानंही वळून पाहिलं. "एकमेकांशी बोलले. तू सुटलीस."

पण वहिनीचं लक्ष कागदांकडे होतं. फर्मचे सगळे परवाने, अर्ज, मुदती तिच्याच हातून जात आणि संकट आलं की तिचं डोकं थंडगार व्हायचं. "धाकटे, एक सांग. तू घरचीच. मग तू चौकशी करू शकतेस?"

"निकाल मी देणार नाही. साहेबांना मघाशीच फोन केला, प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाईल. पण आज ड्युटीवर मी आहे. पाहिलं ते लिहायचं, नमुने भरायचे आणि जबाब घ्यायचा, एवढं मला करावंच लागेल."

"आणि फॉर्ममध्ये काय काय आहे?"

"व्हॉल्व्ह कोणी उघडला त्याचं नाव. चुकून झालं, लगेच कळवलं, साफ केलं, तर समज आणि प्रशिक्षण. नावाच्या जागी 'अज्ञात' लिहिलं, तर ते लपवणं धरतात. मग फर्मचा अर्ज समितीपुढे जातच नाही."

दादानं कपाळाला हात लावला. "आणि नाव लिहिलं तर?"

"तर जातो. तुझं 'नाही' खोडून 'हो' लिहावं लागेल, एवढंच."

"एवढंच," दादा म्हणाला.

*

कप्तान रेलिंगला धरून उभे होते. त्यांचा आवाज चढला होता, पण डोक्यात दुसराच हिशेब चालला होता आणि त्याचा दादाशी काही संबंध नव्हता.

काल दुपारी ते एकटेच इंजिनखोलीत येऊन बसले होते. तासभर. काय केलं त्या तासात? इंजिनावर हात फिरवला होता, हे आठवत होतं. थोडं बोलले होते तिच्याशी, तेही आठवत होतं, फक्त कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पुढचं धूसर होतं. गेल्या महिन्यात त्यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. त्याआधी एकदा ते स्वतःच्याच गल्लीचं वळण चुकले होते आणि घरी येऊन म्हणाले होते, की मुद्दाम लांबून आलो, पायांना व्यायाम.

आज सकाळीही फुगे बांधायला ते सगळ्यांच्या आधी येऊन गेले होते. तेव्हा खाली गेलो होतो का? सवयीनं हात गेला असेल? चाळीस वर्षांची सवय. त्यांनी पोराकडे पाहिलं. दादाच्या कानामागे पांढरे केस आले होते. हे कधी आले, त्यांना कळलंच नव्हतं.

"लिही," ते म्हणाले. "मी उघडला."

धाकटीचं पेन थबकलं. "बाबा?"

"कप्तान मी. बोट माझी. मी उघडला. लिही."

"किती वाजता?"

"सकाळी."

"सकाळी किती वाजता? आणि सील कशानं कापलंत?"

"दातांनी! तुला काय करायचंय?"

दादानं बापाकडे पाहिलं आणि त्याला फ्रिजमधला चष्मा आठवला. तो त्यालाच सापडला होता. म्हातारा विसरलाय, त्याला वाटलं. खरंच उघडला असणार यानं आणि आता त्यालाच खात्री नाही. समितीपुढे हे कागद जाणार. तिथले लोक वाचणार : वृद्ध कप्तान, स्मरणशक्ती कमी. बंदरात ज्याचं नाव घेतलं की जहाजांचे पायलट उभे राहतात, तो माणूस.

"त्यांचं लिहू नकोस," तो म्हणाला. "मी केलं."

"आत्ता तर म्हणालास, की मी माझ्याच पायावर..."

"खोटं बोललो."

"तू आज सकाळी नऊपर्यंत माझ्यासमोर चहा पीत होतास," वहिनी म्हणाली.

"त्याआधी."

"त्याआधी घोरत होतास."

"तू माझ्या बाजूनं आहेस की नाही?"

"मी खऱ्याच्या बाजूनं आहे," वहिनी म्हणाली आणि मग जरा थांबली. नवऱ्याच्या डोळ्यांतला इशारा तिला आत्ता दिसला. तो सासऱ्यांकडे बघत होता. "म्हणजे, तसं मी काही त्यांच्या उशाशी घड्याळ घेऊन बसले नव्हते."

धाकटीनं फॉर्मवर एक नाव लिहिलं होतं, ते खोडलं. दुसरं लिहिलं, त्यावर प्रश्नचिन्ह काढलं. जबाब नोंदवताना लोक खोटं बोलतात, याची तिला सवय होती. पण ते 'मी नाही' असं खोटं बोलतात. 'मीच' म्हणून भांडणारी माणसं तिला पंधरा वर्षांत पहिल्यांदा भेटत होती आणि ती नेमकी तिच्याच घरची निघाली होती.

"थांबा," आत्या म्हणाली. "या दोघांचं एकमत होणार नाही. माझं नाव घाल. वय त्र्याहत्तर, नोकरी संपलेली, अर्ज कुठलाच केलेला नाही. मला कोण काय करणार? सकाळी आले, उकडत होतं, एक चाक दिसलं, फिरवलं. नोंद घ्या."

"आत्या, तुझे गुडघे! तुला इंजिनखोलीची शिडी उतरता येते तरी का?"

"उतरता येते. चढता येत नाही," आत्या म्हणाली.

*

खाली आईनं पंखा बंद करून बराच वेळ झाला होता.

स्वयंपाकखोलीचं झाकण डेकवर, नेमकं आत्याच्या खुर्चीशेजारी उघडत होतं आणि वरचा शब्दन्‌शब्द खाली येत होता. 'पिवळं सील' हे शब्द आले तेव्हा आईच्या हातातली पळी रश्श्यातच राहिली. तोवर तिला वाटत होतं, की धाकटी कुणा दुसऱ्याच्या बोटीबद्दल बोलतेय.

तिला खूप भीती वाटली. लगेच वर जाऊन सांगावं असंही वाटलं. तेवढ्यात नवरा 'मी उघडला' म्हणाला आणि ती जागीच थांबली. मग मुलगा. मग नणंद. पन्नास वर्षं हिनं माझ्या चहात साखर कमी असते म्हणून ऐकवलं आणि आज माझ्यासाठी नसली तरी भावासाठी गुन्हा अंगावर घेतेय. आईला हसू आलं, डोळेही भरले आणि त्या गडबडीत रस्सा खाली लागायला आला. तिनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि शिडीनं वर आली.

"तुमचं झालं का सगळ्यांचं?" ती म्हणाली. "व्हॉल्व्ह मी उघडला."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग दादा हसला. मग वहिनी. कप्तान मात्र हसले नाहीत.

"आई, तू कशाला मध्ये पडतेस?" दादा म्हणाला. "तुला घरातला फ्यूज कुठं आहे ते माहीत नाही."

"माहीत आहे. पण मी म्हटलं की माहीत आहे, तर तो मलाच बदलावा लागेल." ती धाकटीकडे वळली. "सकाळी सातला आले. खालून इतका घाण वास येत होता, म्हटलं या वासात कोण जेवणार? उतरून बघते तर पाणी फळ्यांना लागलेलं. काढून टाकलं. वीस मिनिटं लागली."

"आणि सील?"

"ती पिवळी पट्टी? मला वाटलं, नवीन व्हॉल्व्ह बसवलाय आणि किमतीची चिठ्ठी काढायची राहिलीय. भाजीच्या सुरीनं कापली."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. तिच्या खात्यानं त्या सीलवर चार बैठका घेतल्या होत्या. रंग पिवळा का असावा यावरच एक.

"आई, पंप कसा चालू केलास?" तिनं हळूच विचारलं. "तिथं तीन व्हॉल्व्ह आहेत. क्रम चुकला तर पाणी उलटं आत येतं. आमच्या माणसांनाही तक्ता बघावा लागतो."

आई मागं वळली आणि इंजिनखोलीच्या शिडीवर उलटी उतरू लागली, पायऱ्यांकडे न बघता, दोन्ही हात कठड्यावरून घसरवत. एकाहत्तराव्या वर्षी. असं उतरायला खलाशांना वर्ष जातं. धाकटी आणि दादा तिच्यामागून गेले. वहिनी गेली. कप्तान सगळ्यांत शेवटी. आत्या वरच्या झाकणातून डोकावत राहिली.

खाली आई इंजिनासमोर उभी होती. तिनं कशालाही हात लावला नाही, नुसतं बोट दाखवत गेली. "आधी हा, अर्धा. मग हा पूर्ण. मग पंप. पंपाचा आवाज जड झाला की तिसरा. आवाज खरखरला की आधी पंप बंद, मग उलट्या क्रमानं. बरोबर ना हो?"

ती कप्तानांना विचारत होती. कप्तान इंजिनाकडे बघत म्हणाले, "बरोबर."

"तुला कसं माहीत?" दादानं विचारलं.

वरून आत्याचा आवाज आला. "अरे, मेहुणा तो!"

"कोण मेहुणा?"

"तुझ्या बापाचा मुका मेहुणा! म्हातारीवरचा पहिला इंजिनवाला. मी टॉवरमधून दुर्बिणीनं बघायचे. टोपी, मोठा डांगरीचा सूट, तोंडाला फडकं. कुणाशी बोलत नसे. तो कोण ते मला चांगलं माहीत होतं, पण मला कुणी विचारलं नाही."

दादाला तो मेहुणा माहीत होता. सगळ्या घराला माहीत होता. मुलं लहान असताना कप्तान त्याच्या गोष्टी सांगायचे, वादळात त्यानं कानानं इंजिनाचा बिघाड कसा ओळखला, चालत्या बोटीत पट्टा कसा बदलला. शेवटी म्हणायचे, की तसा इंजिनवाला मला पुन्हा मिळाला नाही. मुलांना तो परदेशी गेला असं सांगितलं होतं.

"तुझा भाऊ तर शिंपी आहे," धाकटी आईला म्हणाली. "त्याला बोट लागते."

"म्हणून तर तो कधी धक्क्यावर फिरकला नाही आणि कुणाला संशय आला नाही," आई म्हणाली. "बोट घेतली तेव्हा माणूस ठेवायची ऐपत नव्हती. आणि बाईला धक्क्यावर कोण काम करू देणार होतं? दोन वर्षं केलं. मग तू पोटात होतास. सूट बसेना."

"सांगितलं का नाही कधी?" दादानं बापाला विचारलं.

कप्तानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आधी परवाना जाईल म्हणून सांगितलं नाही. नंतर लोक हसतील म्हणून. मग इतकी वर्षं झाली, की आता सांगितलं तर हीच हसेल, असं वाटलं."

"मी गोष्टी ऐकायचे ना, पलीकडच्या खोलीतून," आई म्हणाली. "तुम्ही वाढवून सांगायचात. पट्टा चालत्या बोटीत नव्हता बदलला."

"होता."

"उभी होती बोट."

"तरंगत होती!"

धाकटीला हसू आवरेना. पण आई आता हसत नव्हती. ती खाली वाकून इंजिनाच्या बुडाशी हात घालत होती. बोटं बाहेर आली ती काळी झालेली.

"अहो, इथं हिरवा रंग कुणी मारलाय?"

कप्तानांनी छताकडे पाहिलं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

"रंगाखाली तडा आहे. वीतभर. सगळं तेल इथून गळतंय. मी सकाळीच पाहिला. सणाच्या दिवशी नको म्हणून बोलले नाही."

"वेल्डिंग करून..." कप्तान म्हणाले.

"ओतीव लोखंड आहे. नाही धरत. तुम्हालाही माहीत आहे." ती उभी राहिली. "इंजिन गेलं हो. दुरुस्त होणार नाही. काढून टाका."

अबोला सुरू व्हायच्या आधी दादानं हेच महिनाभर सांगितलं होतं, तज्ज्ञांचे अहवाल दाखवून, आवाज चढवून, हात जोडून. बापानं अहवालांनी माशा मारल्या होत्या. आता कप्तान इंजिनाजवळ गेले, हिरव्या रंगावरून एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाले, "इंजिनवाला म्हणतो तर खरं असणार."

मग ते मुलाकडे वळले. "इंजिन काढायला माणसं कधी आणतोस?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा, बाबा."

"मी काय म्हणणार? हिला विचार."

*

जेवण पावणेतीनला झालं. त्याआधी ओहोटीशी शर्यत होती. बांधाचं शेवटचं नळकांडं जोडताना होडी कमी पडली, तेव्हा दादा ठेवणीतल्या कपड्यांनिशी धक्क्याच्या पायऱ्यांवरून गुडघाभर पाण्यात उतरला आणि दोर ओढत राहिला. वहिनी धक्क्यावरून शोषणाऱ्या पांढऱ्या चादरी एकेक करून पाण्यावर टाकत होती आणि तेल प्यायलेल्या चादरी आकड्यानं ओढून पिंपात भरत होती. आत्या खुर्चीवरूनच दोन्ही बाजूंना हुकूम सोडत होती आणि गंमत म्हणजे ते सगळे बरोबर होते. दीड वाजून गेला, पाणी बाहेर सरकू लागलं, तवंग नारंगी बांधाला येऊन टेकला आणि तिथंच थांबला. गोदीच्या तोंडाशी पाणी स्वच्छ वाहत होतं.

धाकटीनं फॉर्म पुन्हा काढला. वरची खाडाखोड बघून तिनं तो फाडला आणि नवा घेतला.

"नाव झालं. कारण झालं. आता 'बोटीवरील पद'. काय लिहू? पाहुणी?"

"लिही ना काहीही," आई पानं मांडत म्हणाली. "घरकाम लिही."

"चीफ इंजिनियर," कप्तान म्हणाले.

"अहो, सरकारी कागद आहे."

"म्हणूनच म्हणतो. एकदा तरी कागदावर येऊ दे."

धाकटीनं लिहिलं. आईनं आधी वाचलं, मग हात धुऊन आली आणि मग सही केली.

*

मंगळवारी समितीनं दादाचा 'हो' वाचला, सोबत वहिनीनं जोडलेली सतरा पानं वाचली आणि पाच वर्षांऐवजी एका वर्षाचं काम दिलं. बघू कसे वागता, मग पुढचं बोलू, असं. दादा चिडून घरी आला. कप्तान त्याला म्हणाले, की मला पहिल्या खेपेला सहाच महिन्यांचं मिळालं होतं आणि तेही मेहुण्यासकट. मग दोघांनी बसून म्हातारीचं इंजिन कुठून कापून काढायचं त्याचं चित्र काढलं आणि त्यावरून पुन्हा भांडले. पण आता समोरासमोर.

गुरुवारी सकाळी दहाला बंदराच्या कचेरीत प्रशिक्षण होतं. ज्यांच्या हातून पाण्यात काही सांडलं, त्यांना तिथं सक्तीनं बसावं लागे. अकरा खलाशी आणि इंजिनवाले बाकांवर आंबट तोंडं करून बसले होते. पहिल्या बाकावर बारावी आई होती, वही-पेन घेऊन. शिकवायला धाकटी होती, कारण प्रशिक्षण तिचंच काम होतं आणि त्यातून सुटका नव्हती.

तासाभरानं आईनं हात वर केला. "मॅडम."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. "बोला," धाकटी शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाली.

"रविवारी सांडलेलं तुम्ही उचललंत. पन्नास वर्षांपूर्वी सांडलेलं कुठं गेलं? मी दोन वर्षं रोज सकाळी पंप चालवायचे. सगळेच चालवायचे. गोदीचं पाणी काळं होतं. आम्हाला वाटायचं, समुद्र घेऊन जातो."

धाकटी कपाटाकडे गेली आणि काचेची एक लांब नळी काढून आणली. आत गोदीच्या तळाचा गाळ होता, सरळ उभा कापून काढलेला, थरावर थर.

"समुद्र घेऊन गेला नाही," ती म्हणाली. "इथंच आहे. खालचं सगळ्यांत जुनं."

आईनं चष्मा लावला. खलाशी बाक सोडून भोवती जमले. नळीच्या मध्याखाली गाळ डांबरासारखा काळाकुट्ट होता. आई बोटानं वरून मोजत आली आणि त्या काळ्या पट्ट्यावर थांबली.

"ही मी," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. शेजारचा दाढीवाला इंजिनवाला पुढं वाकला आणि त्यानं जरा वर बोट ठेवलं. "मग हा मी असणार. ब्याऐंशी-त्र्याऐंशी."

"आणि हा तपकिरी?" आईनं विचारलं. नळीच्या वरच्या टोकाला गाळ फिका होत गेला होता आणि त्यात एक छोटासा, नखाएवढा शिंपला अडकला होता. "हा शिंपला कुणी टाकला?"

"कुणी टाकला नाही. तो तिथंच वाढला. हल्ली वाढतात."

आई बराच वेळ त्या शिंपल्याकडे बघत राहिली. मग वळून तिनं आपल्या मुलीकडे पाहिलं, आपली मुलगी एवढी पंधरा वर्षं रोज सकाळी उठून नेमकं काय करायला जाते हे पहिल्यांदाच कळल्यासारखं, आणि खाली बसून वहीचं पान उलटलं.

"पुढचं सांगा, मॅडम," ती म्हणाली.